जमिनीत मुळे असलेला पलंग

श्रोतेहो, नमस्कार. ग्रीक पुराणकथांमधील जैतुनाच्या, म्हणजेच ऑलिव्हच्या झाडाविषयी बोलताना सुरुवात अथेन्सपासून करण्याची रीत आहे. नगराचे अधिदैवत कोण, यावरून वाद झाला, तेव्हा समुद्रदेव पोसायडनने अक्रोपोलिस या नगरातल्या टेकडीच्या खडकावर त्रिशूळ मारून खाऱ्या पाण्याचा झरा काढला, अथेना देवीने तेथेच जैतून उगवला आणि कौल तिला मिळाला. दिव्याला, जेवणाला आणि अंगाला तेल पुरवणारे झाड खाऱ्या पाण्यापुढे जिंकले, यात नवल नाही.

मला मात्र जैतून म्हटले की ग्रीक कवी होमरच्या ‘ओडिसी’ या महाकाव्यातला पलंग आठवतो. ही कथा सांगणारे बहुतेक जण एकाक्ष राक्षसाच्या गुहेतच इतके रमतात, की पलंगापर्यंत पोहोचेपर्यंत त्यांचा वेळ संपतो. माझ्या मते खरी गोष्ट तेथूनच सुरू होते. ट्रॉयच्या युद्धाला गेलेला राजा ओडिसियस वीस वर्षांनी आपल्या इथाका बेटावर परततो. पत्नी पेनेलोपी समोर बसली आहे, पण हाच आपला नवरा, याची तिला खात्री पटत नाही. ती वृद्ध दाईला सहज सांगावे तसे सांगते, ‘यांनी स्वतः बनवलेला पलंग खोलीबाहेर काढून त्यावर अंथरूण घाल.’ ओडिसियस संतापतो. तो पलंग हलवला कोणी? अंगणात खांबासारख्या जाड बुंध्याचे जैतुनाचे झाड होते, त्याच्याभोवती त्याने दगडी भिंती उभारल्या, वर छप्पर घातले, मग शेंडा छाटून बुंधा तासला आणि त्याचाच पलंगाचा खूर केला. सोने, चांदी, हस्तिदंत जडवले आणि बाजेला नवार ताणतात तशा बैलाच्या कातड्याच्या रंगीत वाद्या ताणल्या. लक्षात घ्या, झाड उपटून पलंग केलेला नाही. खूर मुळांसकट जमिनीतच आहे. हे गुपित त्या दोघांखेरीज एका दासीलाच ठाऊक होते. पेनेलोपी रडत धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडते.

जैतुनाची ओळख अशी मुळांची आहे. बुंधा जळाला, तरी मूळ जिवंत असले की पुन्हा फुटवा येतो, आणि ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने नोंदवलेली हकीकत त्याचीच आहे. इ.स.पू. 480 मध्ये इराणी सैन्याने अक्रोपोलिस जाळले, त्यात अथेनाचे झाडही होरपळले. दुसऱ्या दिवशी यज्ञासाठी वर गेलेल्यांना त्या जळक्या खोडातून हातभर कोंब फुटलेला दिसला.