नव्वद टक्के झालेलं विमान

मालवणच्या एका वाचनालयातील व्याख्यान, संपादित

अध्यक्षमहाराज आणि समोर बसलेली मंडळी, पत्रिकेत माझा विषय ‘अर्धवट दुरुस्त केलेलं जुनं विमान विकत घ्यावं का?’ असा छापलाय. तो वाचून काल बाजारात एकाने विचारलं, ‘काका, ठेवणार कुठे, होडीच्या बाजूला?’ हसा, हसा. २०२१ साली चिपीचा विमानतळ सुरू होईपर्यंत त्यालाही लोक असेच हसत होते.

माझी नोकरी विमानांच्या देखभालीत गेली. त्यामुळे असं काही विकाऊ दिसलं की लोक मला फोन करतात. आणि विकणारा कोणीही असो, वाक्य एकच : ‘नव्वद टक्के काम झालंय.’ ऐंशी कोणी म्हणत नाही. चाकरमान्याचं गावचं घर तुम्ही बघता ना? चिरेबंदी जोतं, रंगवलेला पुढचा व्हरांडा, आणि वीज-पाण्याचं ‘मे महिन्यात बघू’. विमानाचं तेच. सांगाडा घासून रंगवणं हे हौसेचं काम, ते आधी होतं. इंजिन, केबली, वायरिंग, मापं जुळवणं, कागदपत्रं ही कंटाळवाणी आणि महाग कामं मागे राहतात. म्हणून मी काय झालंय ते विचारतच नाही. आधीच्या माणसाने हात का टेकले, ते विचारतो. पैसे संपले, जागा गेली, की पंख उघडल्यावर त्याला असं काही दिसलं जे तो आता आपल्याला सांगत नाही?

देवगडकडच्या एका बागायतदार स्नेह्यांना टायगर मॉथ घ्यायचं होतं. घाटावर एका गोदामात पडलेलं. हे एकावर एक दोन पंखांचं शिकाऊ विमान १९३१ साली पहिल्यांदा उडालं, आठ हजारांच्या वर बनली. धडाला पोलादी नळ्यांचा सांगाडा, पंखांत स्प्रूस लाकडाचे स्पार, म्हणजे पंखभर जाणारे मुख्य वासे, वरून कापड. पंख लाकडाचे म्हटल्यावर मी आपल्या दांडीच्या किनाऱ्यावरच्या एका सुताराला बरोबर घेतलं. जन्मभर होड्या दुरुस्त करणारा माणूस. गाडीत बागायतदार सारखे म्हणत होते, ‘विमानात सुताराचं काय काम?’ यांच्या बागेत कलम कोण बांधतो, पायलट का?

गोदामात विकणाऱ्याने चकचकीत पिवळं धड दाखवलं, चहा दिला, पुन्हा धड दाखवलं. पंख मात्र ताडपत्रीखाली. सुताराने चहा बाजूला ठेवला, ताडपत्री सारली आणि हातोडीच्या दांड्याने स्पारवर बारीक बारीक ठोकत निघाला. मालक ओरडला, ‘अहो, ते विमान आहे!’ सुतार थांबला नाही. टण, टण, टण, आणि टोकाजवळ एकदम बद्द. तिथे त्याने अंगठ्याचं नख लावलं तर आत गेलं. माझ्याकडे बघून म्हणाला, ‘सायबानू, आतसून कुसलां हा.’

वरून वॉर्निश कसं, आरसा! आणि नुसतं लाकूडच बघून भागत नाही. त्या काळात जोडायला केसीनचा गोंद वापरत, म्हणजे दुधातल्या प्रथिनाचा. ओल लागली की त्याला बुरशी खाते. १९४४ मध्ये भारतात ब्रिटिशांच्या लाकडी मॉस्किटो विमानांचे गोंदाचे सांधे सुटले, काही पंख हवेतच तुटले. दोष हवामानाचा की कारखान्यातल्या जोडणीचा, यावर तेव्हा पुष्कळ वाद झाला. तो वाद ऐकण्यासारखा आहे, पण… अध्यक्षांची चिठ्ठी आली. सात मिनिटं? बरं. विषयावर येतो.

भराभर सांगतो. पोलादी नळ्या शेपटीकडे, सगळ्यात खालच्या भागात तपासा. विमान शेपटीवर बसतं, पाणी तिथे साचतं आणि नळी आतून गंजते. अॅल्युमिनियमवर रंगाला फोड आणि खाली पांढरी भुकटी दिसली तर पत्रा आतून खाल्लाय. आपल्या खाऱ्या हवेत ठेवलेलं असेल तर हे गृहीतच धरा. इंजिन हाताने फिरतंय यावर भाळू नका, सिलिंडर उघडून बघा. प्रॉपेलर कधी जमिनीला लागला असेल तर क्रँकशाफ्टची, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याची, भेगांसाठी चुंबकीय तपासणी करायलाच हवी.

मग नसलेल्या वस्तूंची यादी करा, असलेल्यांची नको. एखादी छोटी बिजागरी मिळवायला वर्ष जातं. लॉगबुकं, म्हणजे विमानाच्या नोंदवह्या, नसतील तर किंमत निम्म्याहून खाली मागा, कारण प्रत्येक भागाचा इतिहास डीजीसीएपुढे, म्हणजे नागरी विमानांच्या सरकारी खात्यापुढे, तुम्हाला नव्याने सिद्ध करावा लागेल. नोंदणी कोणाच्या नावावर, त्यावर कर्ज आहे का, हे पैसे देण्याआधी.

शेवटी बेरीज : आजची किंमत, नसलेले भाग, इंजिन, कापड आणि विमान-दुरुस्तीचा परवाना असलेल्या माणसाची मजुरी. त्या रकमेत उडतं विमान मिळत असेल तर ते घ्या आणि उडा. मिळत नसेल, आणि दुरुस्तीचीच आवड असेल, तरच अर्धवट घ्या. तेही अशा भावाने, की उद्या सुटे भाग करून विकलं तरी पैसे निघतील.

बागायतदारांनी त्या भावाला मागितलं. मालक चिडला, पण पावसाळ्याच्या तोंडावर त्याचाच फोन आला. पंख आता दांडीवर आहेत, सुताराकडे. नवे स्पार तो करेल, पण लाकूड प्रमाणपत्राचंच लागेल आणि सही परवानाधारकाची. प्रश्न चहाच्या वेळी विचारा. टेबलावर जुनं लॉगबुक ठेवलंय, भज्यांचे हात लावू नका.