तेल आणि पाण्याच्या सीमेवर : लायपेजचे मोजमाप

काचेच्या पात्रात ढवळले जाणारे हे पांढरे द्रव्य दूध नसून, अरबी डिंकाच्या पाण्यात बारीक घुसळलेले ऑलिव्ह तेल आहे. ३७ अंश सेल्सिअसवर राखलेल्या या पायसात (इमल्शनमध्ये) आता स्वादुपिंडातून मिळवलेले लायपेज मिसळले जाईल. मेद पचवणारे हे विकर तेलाच्या रेणूतील एस्टर बंध तोडते आणि मेदाम्ले मोकळी करते. ती सुटू लागताच पीएच घसरतो आणि पीएच-स्टॅट नावाचे हे यंत्र सोडियम हायड्रॉक्साइडचे विरल द्रावण थेंबाथेंबाने सोडून तो पुन्हा मूळ जागी आणते. द्रावण किती वेगाने खर्ची पडले, त्यावरून विकराची क्रियाशीलता ठरते. दर मिनिटाला एक मायक्रोमोल मेदाम्ल मोकळे करणारी मात्रा म्हणजे एक एकक.

रक्तातील लायपेज मोजून स्वादुपिंडदाह ओळखण्यासाठी चेरी आणि क्रँडल या संशोधकांनी १९३२ मध्ये मांडलेल्या पद्धतीचे तत्त्वही अनुमापनाचेच, म्हणजे खर्ची पडलेल्या अल्कलीवरून आम्ल मोजण्याचेच होते. मात्र त्यात रुग्णाचे सीरम (रक्तातील पेशीविरहित द्रव) आणि ऑलिव्ह तेलाचे पायस २४ तास एकत्र ठेवावे लागे. पोटातील असह्य कळांनी तळमळणाऱ्या रुग्णासाठी एवढा अवधी म्हणजे जवळजवळ निरुपयोगी उत्तर.

खरी अडचण मात्र वेळेची नाही. तेल पाण्यात विरघळत नाही आणि विकर असते पाण्यात. त्यामुळे सारी क्रिया तेलाच्या थेंबांच्या पृष्ठभागावर चालते. सार्दा आणि देस्न्युएल या संशोधकांनी १९५८ मध्ये दाखवून दिले, की तोडायचा पदार्थ पाण्यात विरघळलेला असेपर्यंत स्वादुपिंडातील लायपेज जेमतेम काम करते आणि त्याचे थेंब वेगळे होऊ लागताच ते एकाएकी तडफेने काम करू लागते. साहजिकच, तेच विकर आणि तेवढेच तेल घेऊनही थेंब अधिक बारीक घुसळले, तर आकडा बदलतो. पित्तक्षार त्या पृष्ठभागावरून लायपेजला दूर लोटतात आणि कोलायपेज हे छोटे प्रथिन त्याला तेथे टिकवून धरते, म्हणून त्यांचे प्रमाणही नेमके ठेवावे लागते. शिवाय पीएच सातच्या आसपास लांब साखळीच्या मेदाम्लांचे पूर्ण आयनीभवन होत नाही, म्हणजे ती आपला सगळा हायड्रोजन आयन सोडत नाहीत. अल्कली कमी लागते आणि विकर आहे त्यापेक्षा मंद भासते.

तेलाऐवजी पॅरा-नायट्रोफिनाइल पाल्मिटेट हा कृत्रिम एस्टर वापरणाऱ्यांना ही खटपट नको असते. बंध तुटला की पिवळा रंग उमटतो आणि तो ४१० नॅनोमीटरच्या आसपास मोजता येतो. पद्धत सोपी, स्वस्त आणि म्हणूनच लोकप्रिय आहे. परंतु हा पदार्थ लायपेज नसलेली, साधे एस्टर तोडणारी एस्टरेज विकरेही तोडू शकतात, हे सोयीस्करपणे विसरले जाते. केवळ पिवळ्या रंगाच्या आधारे एखाद्या जीवाणूच्या विकराला लायपेज म्हणणे घाईचे ठरेल. त्यासाठी ते खऱ्या तेलावर तपासायला हवे.

रुग्णालयांतील अनेक स्वयंचलित यंत्रे आता डीजीजीआर हा कृत्रिम पदार्थ वापरतात. त्यातून अखेर लालसर-जांभळे मिथाइलरेसोरुफिन सुटते आणि काही मिनिटांत आकडा हाती येतो. पदार्थ आणि पद्धत बदलली, की सामान्य मर्यादाही बदलते. म्हणूनच तीव्र स्वादुपिंडदाहाच्या निदानाच्या निकषात लायपेजचा ठरावीक आकडा दिलेला नाही. पातळी त्या प्रयोगशाळेच्या कमाल सामान्य मर्यादेच्या किमान तिप्पट असावी, एवढेच तेथे म्हटले आहे.