अडीच श्वारेन

(श्टुटगार्ट, कार्ल्सप्लात्झ. शनिवारचा जुना बाजार.)

डावीकडे काचेखाली मखमलीवर मांडलेत ते थालर, म्हणजे चांदीची मोठी जुनी जर्मन नाणी. गर्दी तिथेच. आपल्याला बघायचाय तो हा बिस्किटांचा पत्र्याचा डबा, कुठलंही उचला, एक युरो. जर्मनी एक देश व्हायच्या आधी इथे तीस-पस्तीस राज्यं आणि स्वतंत्र शहरं होती, हे श्टुटगार्टसुद्धा वुर्टेंबर्गच्या राजाची राजधानी, आणि बहुतेकांची आपापली चिल्लर, ती सगळी या एका डब्यात येऊन पडलीय. थालर कित्येकांनी नुसता लांबून पाहिला असेल हो, पाव आणायला खिशात हीच असायची.

(स्वयंपाकघरातलं टेबल. पाण्याची वाटी.)

पहिलं काम भिजवणं. डिस्टिल्ड वॉटर, बाकी काहीही नाही, एक-दोन दिवस, मग टूथपिकने माती हळूहळू सोडवायची. चिंच, लिंबू, पितांबरी, आपला हात लगेच तिकडेच जातो, पण नाही! तांब्यावरचा हा चॉकलेटी रंग बसायला दीडशे वर्षं लागलीत, घासलात तर पाच मिनिटांत जातो आणि परत येत नाही. फडक्याने नुसतं टिपायचं. आणि मऊ प्लास्टिकच्या पाकिटात अजिबात ठेवू नका, चिकट हिरवा थर धरतो, पुठ्ठ्याची फ्रेम स्वस्तात मिळते ती घ्या.

(क्लोजअप. दोन नाणी शेजारी शेजारी.)

हे प्रशिया नावाच्या राज्याचं, 1 फेनिंग. हो, फेनिंगच, एरवीचा शब्द फेनिग, पण तेव्हा या नाण्यावर एक न जास्तच असायचा. मुकुटाखाली ढाल आणि तिच्याभोवती लिहिलंय '360 आयनेन थालर', म्हणजे अशी 360 दिलीत की एक थालर, हिशोब नाण्यावरच छापून दिलेला. शेजारचं सॅक्सनीचं. थालरचे ग्रोशेन दोघांकडेही 30च, पण प्रशियात ग्रोशेनचे फेनिंग 12 आणि सॅक्सनीत 1841 पासून 10, म्हणजे तिथे थालरला 300 पुरे. दक्षिणेत उतरलात की हिशोबच गुल्डनचा, एका गुल्डनचे 60 क्रॉयत्सर.

1871 ला सगळ्यांचं मिळून एक जर्मन साम्राज्य, 1873 ला नव्या नाण्यांचा कायदा, 1 जानेवारी 1876 पासून सगळीकडे एकच चलन, मार्क, जुनी चिल्लर बरीचशी भट्टीत गेली.

(खिडकी. तिरपं ऊन. लेन्स.)

डब्यातलं हे शेवटचं, पार झिजलेलं. सरळ उजेडात नुसती तांब्याची चकती. जरा तिरपं धरू... अजून थोडं... ही बघा किल्ली! ब्रेमेन शहराची खूण. मागे आकडा अडीच. अडीच श्वारेन! पाच श्वारेनचा एक ग्रोटे, म्हणजे हा अर्धा ग्रोटे, आणि असे 72 ग्रोटे झाले की थालर. अडीचचं नाणं पाडणारं शहर मला तरी फार आवडलं. वर्षाचा शेवटचा आकडा एक आहे की सहा, यावर मात्र आमच्या घरात अजून भांडण चालूय.