परमनंट आहे का?

(दृश्य: शिरवळचा नीरा नदीवरचा पूल, पहाटेचा महामार्ग, कंपन्यांच्या बसेस)

सातारा जिल्ह्यात मुलीकडची माणसं घर बघायला आली की आधी शेती किती ते विचारतात. मग कंपनी कोणती ते. आणि चहाचा कप खाली ठेवता ठेवता, सहज सुचल्यासारखं: परमनंट आहे का?

पुण्याकडून येताना नीरा ओलांडली की सातारा जिल्हा लागतो आणि लगेच शिरवळ. इथून खंडाळ्यापर्यंत महामार्गाच्या अंगाने कारखाने उभे राहिलेत. कुठे रंग बनतो, कुठे फ्रीज, कुठे गाड्यांचे सुटे भाग. त्यातल्याच एका मोठ्या कंपनीतल्या माणसांशी आम्ही बोललो. कंपनीचं नाव घेणार नाही, माणसांचीही नाही. त्यांना उद्या पुन्हा गेटवर पंच करायचा आहे.

कंपनी कशी आहे, असं विचारलं की पगाराचं उत्तर येईल, असं आम्हाला वाटलं होतं. पहिलं उत्तर आलं बसचं.

फर्स्ट शिफ्ट सातची. साताऱ्यातून बस साडेपाचच्या सुमाराला सुटते. पाचवड, भुईंज, सुरूर असं करत माणसं भरत येते, खंबाटकी घाट ओलांडून शिरवळ. खिडकीला डोकं टेकून तास-सव्वा तासाची झोप मिळते, आणि जागा ठरलेल्या असतात. नव्या पोराने चुकून जुन्या सेटरच्या, म्हणजे मशीन लावून देणाऱ्याच्या, सीटवर बसू नये. घाटात ट्रेलर आडवा झाला तर सगळी बस लेट, पण लेट मार्क लागतो का, हे त्या दिवशी टाइम ऑफिसला कोण बसलंय त्यावर. बस फाट्यापर्यंत येते की गावात, यावरून नोकरी बरी की वाईट ठरतं. सेकंड शिफ्ट सुटते मध्यरात्री. फाट्यावर उतरून तीन किलोमीटर चालायचं असेल, तर पगारातला हजार-पाचशेचा फरक कुणाला आठवत नाही.

(दृश्य: उसाचं शेत, विहीर, मोटार चालू करणारा हात)

दुसरं उत्तर शेतीचं आलं. भुईंज-पाचवड भागातला माणूस फर्स्ट शिफ्टवर जीव टाकतो, कारण साडेतीनला सुटून पाचपर्यंत तो बांधावर असतो. इथल्या बहुतेकांच्या घरी थोडा ऊस आहे, थोडी हळद आहे, आणि एकट्या शेतीवर भागत नाही. पण शेतीपंपाची थ्री फेज लाईट आठवड्याआड दिवसा आणि रात्री येते. तिचं वेळापत्रक एक, शिफ्टचं वेळापत्रक दुसरं. दोन्ही जुळले तर आठवडा सुखाचा. नाही जुळले तर दिवसभर मशीनवर आणि रात्री बॅटरी घेऊन पाण्याची दारं धरायला शेतात. सकाळी लाईनवर डुलकी लागते ती याची. सुपरवायझर शहरातला असेल तर आळशी म्हणतो. गावाकडचा असेल तर चहाला पाठवतो. वरिष्ठ चांगला की वाईट, हे कामगार असं मोजतात. ट्रेनिंग हॉलमधल्या लीडरशिपच्या पोस्टरशी त्याचा संबंध नाही.

कायम कामगार कंपनीबद्दल वाईट बोलत नाहीत. कुरकुरतात, ते वेगळं. कँटीनची उसळ पातळ, ओव्हरटाइम कमी झाला, नव्या मॉडेलचं टार्गेट अंगावर येतं. पण पीएफ कापला जातो तसा भरला जातो, आजारपणाला विमा आहे, दिवाळीला बोनस आहे, आणि युनियनचा करार दर काही वर्षांनी होतो. करार झाला त्या वर्षी गावात दोन-चार घरांवर स्लॅब पडतो. बँकेचा माणूस कर्ज द्यायला घरी येतो. या नोकरीवर घर उभं राहिलंय, असं ते म्हणतात, आणि अभिमान लपवत नाहीत. आपण बनवलेला पार्ट रस्त्यावरच्या गाडीत आहे, हे पोराला दाखवणारा बापही आम्हाला इथेच भेटला.

(दृश्य: गेट. दोन रांगा, दोन रंगांची ओळखपत्रं)

कंपनी कशी आहे, हाच प्रश्न गेटवरच्या दुसऱ्या रांगेतल्या पोराला विचारला. त्याने उलट विचारलं, कुठली कंपनी?

तो ज्या मशीनवर उभा असतो ती एका कंपनीची. त्याच्या पगाराच्या स्लिपवर नाव ठेकेदाराचं. याआधीच्या वर्षी दुसऱ्या ठेकेदाराचं होतं, मशीन तीच. आयटीआय फिटर झालेला, आधी अप्रेंटिस, मग ट्रेनी, मग कंत्राटी. काम शेजारच्या कायम ऑपरेटरइतकंच, पगार त्याच्या कितीतरी खाली. वर्षात 240 दिवस भरले की कायद्यातला हक्क उभा राहतो, हे त्याला पाठ आहे. ज्याने त्याला कामावर घेतलं त्यालाही पाठ आहे. म्हणून मधेच ब्रेक, म्हणजे काही दिवस कामावरून कमी. ब्रेकमध्ये ही पोरं काय करतात? कुणी ऊसतोडीच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर, कुणी पुण्यात डिलिव्हरीला, कुणी नुसता घरी. आणि स्थळाची बोलणी पुढच्या वर्षावर.

आम्हाला विचाराल तर, एकाच छताखाली दोन कंपन्या चालतात, आणि कंपनी कशी आहे, हा प्रश्न ज्याला-त्याला वेगळाच ऐकू येतो.

जुन्या माणसांना हे सगळं तरी बरं वाटतं. जावळी, पाटण, माण, खटावची घरं दोन-तीन पिढ्या मुंबईच्या मनिऑर्डरवर चालली. बाप्ये गिरणीत, नाहीतर बाजारात पाठीवर ओझी वाहायला. माथाडींची संघटना बांधणारे अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातलेच. त्या लढ्यातून 1969 चा माथाडी कायदा आला. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि कितीतरी जण गाठोडं घेऊन गावी आले ते परत गेलेच नाहीत. अशा घरातल्या आजोबांना नातू रोज रात्री घरी जेवतो, एवढं पुरतं. नातवाला ते पुरत नाही, यावर घरात वाद आहे.

तसा जिल्ह्याला कारखाना नवा नाही. सातारा रोड गावात धनजीशा कूपरांच्या कारखान्यात लोखंडी नांगर आणि डिझेल इंजिनं बनत होती. हेच कूपर 1937 मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान, म्हणजे आजच्या भाषेत मुख्यमंत्री, होते. शेजारच्या सांगली जिल्ह्यात तर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये निवडुंगाच्या माळावर कारखान्याबरोबर वसाहतच वसवली. तिथे कामगार कंपनीच्या गावात राहायला गेला. शिरवळचा कामगार स्वतःच्या गावात राहतो आणि कंपनी बस पाठवते.

(दृश्य: असेंब्ली लाईन, निळ्या ॲप्रनमधल्या मुली)

असेंब्लीला आता मुलीही आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात: काम जमतं, उभं राहून पाय दुखतात, बस दारापर्यंत हवी, आणि लग्न ठरलं की सासरचे काय म्हणतील ते आत्ता विचारू नका.

कंपनीही कामगारांचं मत विचारते. वर्षातून एकदा एचआरचा फॉर्म येतो. सुरक्षितता, कँटीन, युनिफॉर्म, वरिष्ठांचं वागणं. एक ते पाच गुण द्या. वर नाव नको म्हणतात, पण एम्प्लॉयी कोड लिहायचा असतो. मग बहुतेक जण चारवर खूण करतात. पाच दिले तर चेष्टा होते, तीन दिले तर बोलावणं येतं. बसच्या थांब्याबद्दल त्यात प्रश्न नाही. दुसऱ्या रांगेतल्या पोरांना फॉर्म मिळत नाही, कारण कागदोपत्री ती या कंपनीची नाहीत. ती त्या वेळात लाईन चालू ठेवतात.