बांबू : झाड की गवत?

पावसाळा लागला की गडचिरोलीच्या जंगलात बांबूच्या बेटांतून कोंब वर येतात. इकडे त्यांना वास्ते म्हणतात आणि त्यांची भाजी करतात. नवा बांबू बेटाच्या बाहेरच्या कडेने फुटत जातो. तोडणारा घाईत असला की हाताशी आलेला तोच कोवळा बांबू आधी कापतो, जुना आत तसाच अडकून राहतो आणि बेट गुदमरते. कुठला बांबू कापायचा आणि कुठला राखायचा, हे गावाला ठाऊक असते. कायद्याच्या पुस्तकात मात्र ते कुठेच नाही.

त्या पुस्तकात दुसरेच काही आहे. इंग्रजांनी 1878 च्या कायद्याने जंगले राखीव आणि संरक्षित अशी वाटून घेतली, आणि 1927 च्या भारतीय वन अधिनियमात ‘झाड’ या शब्दाच्या व्याख्येत बांबूही घातला. वनस्पतिशास्त्राच्या लेखी बांबू हे गवत. पण झाड ठरले की ते सरकारी लाकूडफाट्यात मोजता येते. गावाच्या वाट्याला उरला तो निस्तार, म्हणजे घरगुती गरजेपुरते नेण्याची मुभा. स्वातंत्र्यानंतर जमीनदारांची जंगले सरकारजमा झाली, तरी अधिनियम तोच राहिला आणि बांबू तोडण्याचे पट्टे कागद कारखान्याला मिळत गेले.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या गावाने ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ अशी घोषणा दिली, ती याच पार्श्वभूमीवर. इथली ग्रामसभा मतदान घेत नाही. सर्वांचे एकमत होईपर्यंत विषय पुन्हा पुन्हा मांडला जातो. ही रीत वेळखाऊ आहे, हे मान्यच करायला हवे. पण ज्याला निर्णय पटलेला नाही असा माणूस रात्री कुऱ्हाड घेऊन जंगलात गेला, तर त्याला अडवणार कोण?

2006 च्या वनहक्क कायद्याने बांबूला स्पष्टपणे गौण वनोपज, म्हणजे लाकूड सोडून जंगलातून मिळणारी उपज, म्हटले. 2009 मध्ये गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तरीही बांबू विकायचा तर वाहतूक परवाना वनखात्याकडेच मागावा लागे आणि तिथे 1927 ची व्याख्या आडवी येई. अखेर 27 एप्रिल 2011 रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी मेंढ्यात येऊन परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. 2017 मध्ये ‘झाड’ या व्याख्येतून बांबू वगळला गेला. जंगलातून बांबूची गाडी निघताना परवाना लागतोच. तो आता ग्रामसभेच्या पुस्तकातून फाडला जातो.