टेकडीचा सातबारा

(दृश्य: मे महिना, वेताळ टेकडीचा माथा. वाळलेलं गवत, खाली पसरलेलं पुणं.)

मे महिन्यातली वेताळ टेकडी. गवत पार वाळून गेलंय. दोन पावलं टाकली की कुसळं कपड्यांना चिकटतात. भर दुपारी कोणी इथं पाहणीला आलं, तर वहीत 'पडीक जमीन' असं लिहून मोकळं होईल.

(दृश्य: कॅमेरा जमिनीलगत.)

पण जरा खाली वाकून बघा. मुरमात, खड्यांच्या मधोमध चार अंडी आहेत. रंग मातीचा, वर काळपट ठिपके. घरटं म्हणावं असं काहीच नाही, थोडासा खळगा आणि भोवती खडे. पलीकडे टिटवी जिवाच्या आकांतानं ओरडतेय, आपण तिथून हलावं म्हणून. तिला अशीच उघडी, मुरमाड जमीन लागते. चांगल्या मनानं इथं दाट झाडी लावली, तरी तिची जागा गेलीच.

शहराची विकास योजना होते तेव्हा सुरुवात पाहणीपासूनच होते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 तसं सांगतो: आधी जमिनीचा सध्याचा वापर तपासा, त्याचा नकाशा करा, मग आराखडा. त्या नकाशात घरं, दुकानं, कारखाने, शेती, रस्ते नीट दिसतात. माळरान मात्र 'मोकळी जागा' म्हणून येतं, आणि मोकळ्या जागेवर पुढं काहीतरी बांधायचंच असतं. सातबाऱ्यावरही खडकाळ भाग 'पोटखराब', म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, म्हणून बाजूला पडतो. म्हणजे आराखड्याची पहिली रेघ ओढण्याआधीच टेकडी अर्धी हरलेली असते.

(दृश्य: गिरिपुष्पाची रांग, शेजारी गवताळ पट्टा.)

उपग्रहाच्या चित्रानंही हे सुटत नाही. देशाच्या वन सर्वेक्षणात एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या पट्ट्यावर 10 टक्के छत्र, म्हणजे झाडांच्या फांद्या-पानांनी झाकलेली जमीन, असली की ते वनाच्छादन धरलं जातं, झाड कोणतंही असो. पुण्याच्या टेकड्यांवर लावलेलं गिरिपुष्प मूळचं मध्य अमेरिकेकडचं. ते या मोजणीत जंगल ठरतं, आणि शेजारचं अस्सल दख्खनी गवत हिशेबात येतच नाही. म्हणून पायी फिरून केलेल्या पाहणीला पर्याय नाही, आणि ती दोन्ही ऋतूंत व्हायला हवी.

(दृश्य: पावसाळा. दोरीचा चौकोन गवतावर ठेवला जातो.)

तीच टेकडी, ऑगस्टमध्ये. एक मीटर लांब, एक मीटर रुंद असा दोरीचा चौकोन गवतावर ठेवायचा आणि आत जे जे उगवलंय ते मोजायचं. कुसळी, मारवेल, मध्येच तेरडा, सोनकी, कुठं कळलावीची लालपिवळी ज्वाळा. प्रत्येकाची नोंद, फोटो, आणि मोबाइलवर दिसणारे अक्षांश-रेखांश. मग पन्नास पावलं पुढं जाऊन पुन्हा तेच. काम कंटाळवाणं आहे, चिखलात बसून करावं लागतं, आणि सगळ्या आराखड्याचा पाया हाच आहे असं आम्ही मानतो.

जीवजंतूंच्या जोडीनं पाण्याचीही पाहणी हवी. टेकडीच्या भेगाळलेल्या काळ्या खडकात पाऊस मुरतो आणि पायथ्याशी विहिरींना, झऱ्यांना मिळतो. नानासाहेब पेशव्यांनी 1750 च्या सुमारास कात्रजहून नळानं पाणी आणलं ते शहरातल्या हौदांपर्यंत, ही टेकड्यांचीच देणगी. त्याच कात्रजच्या डोंगरातून आंबिल ओढा निघतो. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री तो अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनीत घुसला. भिंती पडल्या, माणसं वाहून गेली, वीसहून अधिक जीव गेले. ओढ्याची रुंदी, त्याला मिळणारे लहान नाले, पावसाळ्यात पाणी कुठवर चढतं, हे सगळं नकाशावर असतं आणि पाळलं असतं, तर त्या काठावर इतकी घरं उभीच राहिली नसती.

(दृश्य: बाणेर, बावधन, धायरीकडच्या टेकड्या.)

पाहणीचा उपयोग होतो का? होतो. 1997 मध्ये शहरालगतची गावं महापालिकेत आली. त्यातल्या 23 गावांच्या आराखड्यात टेकड्यांचे माथे आणि उतार मिळून सुमारे 978 हेक्टरवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण सुचवलं गेलं. पुणेकर त्यासाठी वर्षानुवर्षं भांडले, आणि 2015 मध्ये राज्य सरकारनं ते मान्य केलं. पण यातली बरीच जमीन खाजगी आहे. मालकाला वेळेवर योग्य मोबदला मिळाला नाही, तर आरक्षण कागदावर राहतं आणि टेकडीवर पत्र्याची शेड उभी राहते. मालकांची ही तक्रार रास्त आहे.

2002 च्या जैविक विविधता कायद्यानुसार प्रत्येक महापालिकेनं लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे आपल्या हद्दीतल्या झाडाझुडपांची, पशुपक्ष्यांची नोंद, करायची असते. आमचं ठाम मत आहे की या नोंदवहीत प्रत्येक नोंदीपुढं सर्व्हे नंबर असायलाच हवा. 'पुण्यात मोर आहेत' एवढ्यानं नगररचनाकाराचं काम भागत नाही. त्याची सगळी भाषा सर्व्हे नंबरची. कुठल्या नंबरात मोर आहे, कुठल्या नंबरातून ओढा जातो, हे कळलं तरच त्याला आरक्षणाची रेघ ओढता येते.

(दृश्य: भिलारेवाडी, गुजर-निंबाळकरवाडीचे उतार, नवी बांधकामं.)

2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये आणखी 23 गावं शहरात आली. सूस, म्हाळुंगे, बावधन बुद्रुक, जांभूळवाडी, कोळेवाडी. भिलारेवाडी आणि गुजर-निंबाळकरवाडीचं पाणी तर कात्रजच्या तलावांकडंच उतरतं. या उतारांवर आज जे बांधलं जाईल, त्याचा लोंढा आंबिल ओढ्यातून पेठांपर्यंत पोचेल.

प्रारूप आराखडा जाहीर झाला की हरकती आणि सूचना मागवतात, आणि मुदत फार थोडी असते. म्हणून नोंदी आधीपासून तयार ठेवा. एक उन्हाळी फेरी, एक पावसाळी. फोटो, तारीख, ठिकाण, सर्व्हे नंबर. हरकतीच्या अर्जाला हे जोडा, सुनावणीला स्वतः हजर राहा, आणि अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.