उसण, पायाळू आणि कमरेतला 'कट्' आवाज

श्रोतेहो, नमस्कार.

नागपुरात महालातल्या आमच्या घरी कोणाला उसण भरली की आजी पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेला माणूस शोधायला धाडायची. आपण पालथं पडायचं, तो कमरेवरून पाय फिरवायचा, आणि चार-आठ दिवसांत दुखणं ओसरायचं. श्रेय पायाळूला. खरं म्हणजे अचानक धरलेली साधी कंबर बहुतेकांची काही आठवड्यांत आपली आपणच बरीच मोकळी होते.

आता पायाळूच्या जागी कायरोप्रॅक्टर, म्हणजे हातानं मणक्यांना झटका देऊन उपचार करणारा आलाय. इतवारीत धान्याचं दुकान असलेल्या माझ्या मोठ्या भावाची तांदळाचा कट्टा उचलताना कंबर धरली. त्यानं मला मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला. झटका, कट् असा आवाज, आणि हसत उठणारा रुग्ण. खाली एकच प्रश्न : "जाऊ का?"

आधी त्या आवाजाचं सांगते. सांध्यातल्या द्रवावरचा दाब एकदम उतरला की त्यात वायूची पोकळी तयार होते. बोटं मोडताना होतं तेच. हाड जागेवर बसल्याचा तो पुरावा नव्हे.

ही पद्धत १८९५ मध्ये अमेरिकेतल्या डेव्हनपोर्ट गावी डॅनियल डेव्हिड पामर यांनी सुरू केली. हार्वे लिलार्ड नावाच्या, ऐकू कमी येणाऱ्या माणसाचा मणका आपण दाबला आणि त्याला ऐकू येऊ लागलं, असा त्यांचा दावा होता. त्यातून सरकलेले मणके हेच बहुतेक रोगांचं मूळ, असा सिद्धांत उभा राहिला. त्याला पुरावा नाही. तेव्हा मणका दाबून दमा किंवा मधुमेह बरा करतो असं कोणी म्हणालं, तर मी त्या दारातून परत फिरेन.

पण कमरेची गोष्ट वेगळी आहे, आणि इथे मी एकतर्फी बोलणार नाही. कंबरदुखीसाठी अशा हस्तोपचाराचा पर्याय अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेनं २०१७ मध्ये आणि जुनाट दुखण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये मान्य केलाय. ब्रिटनची २०१६ ची मार्गदर्शक सूचना मात्र बजावते की सोबत व्यायाम हवाच. फायदा होतो, पण साधारण व्यायामाइतकाच. चमत्कार नाही.

मानेच्या झटक्याला माझा स्पष्ट विरोध आहे. मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या धमनीचा आतला पदर फाटला तर गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो. असं क्वचितच घडतं, पण नुसत्या अवघडलेपणापायी ती जोखीम कशाला घ्यायची?

भावाला मी आधी विचारलं, "दादा, लघवी अडते का? बैठकीच्या जागी बधिर वाटतं? पायातलं बळ गेलंय?" यातलं काही असतं तर त्याच दिवशी मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांचा रस्ता धरायचा होता. ताप, उतरणारं वजन, रात्री झोपू न देणारं दुखणं हेही विचारलं, कारण आपल्याकडे मणक्याचा टीबी अजून आहे. आणि आमच्या आईसारखी हाडं ठिसूळ झालेल्या माणसाला तर झटका देऊच नये.

त्याचं तसं काही नव्हतं. तरी तो एका केंद्रात जाऊन आलाच. कपडेही न सरकवता, पाय न तपासता त्यांनी चोवीस बैठकांचं पॅकेज सांगितलं, पैसे आगाऊ. एमआरआयमधली 'झीज' दाखवून घाबरवलं. २०१५ च्या एका मोठ्या आढाव्यात कंबर अजिबात दुखत नसलेल्या विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांत ती झीज दिसली होती! मी म्हटलं, पैसे भरू नको.

मग तो धंतोलीतल्या एका फिजिओथेरपिस्टकडे गेला. महाराष्ट्रात त्यांची राज्य परिषदेकडे नोंदणी असते, नंबर विचारता येतो. कायरोप्रॅक्टरलाही पदवी कुठली, किती वर्षांची, हे विचारायला संकोचू नका. भावाच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी पाय उचलून पाहिले, हातानं थोडं मोकळं केलं, आणि अंथरुणात पडून राहायचं नाही म्हणून ताकीद दिली. तीन आठवड्यांत तो दुकानात बसू लागला. सकाळी गांधीसागरला फेरी मारतो.

परवा त्याचा फोन आला. मान अवघडली होती, शेजारचा एक जण झटक्यात मोकळी करून देतो म्हणत होता. मी म्हटलं, "दादा, कोणाला हात लावू देऊ नको. संध्याकाळी मी येते."